कॅपिटॉलची फुकट सफर आणि गॅलरीतला अर्धा तास

बत्तीस वर्षं मी बी.ए.च्या वर्गाला अमेरिकेची राज्यघटना शिकवली आणि बत्तीस वर्षं एक प्रश्न न चुकता काढला: ‘नियंत्रण आणि समतोल, टीप लिहा, गुण ५.’ उत्तरं इतकी ओळखीची झाली होती, की पहिली ओळ वाचली की गुण ठरायचे. २०२५च्या सप्टेंबरात मुलीकडे व्हर्जिनियात होते. तेव्हा सत्तेच्या शाखांनी एकमेकींना आवर घालायचा हे तत्त्व ज्या इमारतीत नांदतं असं मी पोरांना सांगत आले, ती वॉशिंग्टनमधली कॅपिटॉल, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची (काँग्रेसची, तिची दोन सभागृहं सिनेट आणि प्रतिनिधिगृह) इमारत एकदाची बघून घेतली. हा त्या सफरीचा अभिप्राय. जाणाऱ्यांच्या कामाच्या गोष्टी आहेतच, पण मध्येमध्ये राज्यशास्त्र येणार. सवय आहे, इलाज नाही.

तिकीट नाही. एक डॉलरही लागत नाही. संकेतस्थळावर वेळ राखून ठेवायची. रविवारी बंद. मेट्रोचं कॅपिटॉल साउथ स्टेशन सगळ्यात सोयीचं, तिथून पायी पाच-सात मिनिटं. प्रवेश इमारतीच्या पूर्वेला, जमिनीखालच्या अभ्यागत केंद्रातून. हे केंद्र २००८ साली उघडलं. आत खाण्याचा कणही चालत नाही, पाण्याने भरलेली बाटलीही नाही. हे मला माहीत नव्हतं. पोळीभाजीचा डबा घेऊन गेले होते, तो सकाळी साडेनऊ वाजता बाहेरच्या बाकावर बसून संपवला. रिकामा डबा मात्र आत जाऊ दिला. रक्षकाने झाकण उघडलं, मसाल्याचा वास घेतला आणि मान डोलावली.

स्टेशनातून येताना गाड्यांच्या नंबरप्लेटा वाचत या. वॉशिंग्टन शहराच्या पाट्यांवर खाली बारीक अक्षरात एक घोषणा असते: प्रतिनिधित्वाशिवाय कर, हे थांबवा. ब्रिटिशांविरुद्ध वसाहतींनी दिलेली घोषणा आज राजधानीतले लोक स्वतःच्या संसदेला देतात. २०२०च्या जनगणनेत या शहरात ६ लाख ८९ हजार माणसं होती. त्यांना सिनेटर एकही नाही, आणि प्रतिनिधिगृहात एक प्रतिनिधी असतो तो बोलू शकतो, पण विधेयकावरच्या अंतिम मतदानात त्याला मत नाही. वायोमिंग राज्याची लोकसंख्या ५ लाख ७७ हजार, या शहराहूनही कमी. तिथे दोन सिनेटर. मी हा मुद्दा वर्गात कधी शिकवला नाही, कारण तो अभ्यासक्रमात नव्हता. एका टॅक्सीच्या मागच्या पाटीने शिकवला.

सफर साधारण दीड तासाची. आधी छोटी फिल्म. अनेकांमधून एक, हे तिचं सूत्र. चित्रण देखणं, संगीत भारी, आणि प्रत्येक भांडण शेवटी मिटतंच असा सूर. पर्यटकांसाठी ठीक आहे, मला जरा गोड लागली. मग लाल कोटातले गाइड येतात, प्रत्येकाला हेडफोन मिळतो. आमच्या गाइडबाई सुरेख बोलत होत्या. शाळेच्या सहलीतली पोरं होती आमच्या गटात; त्यांना गप्प बसवण्याची त्यांची हातोटी बघून मला हेवा वाटला.

पहिलं थांबण्यासारखं ठिकाण म्हणजे खालचा मुख्य हॉल. त्याचं नाव एमॅन्सिपेशन हॉल, म्हणजे मुक्तीचं दालन. ही इमारत बांधायला गुलामांचे हात लागले, त्यांच्या स्मरणार्थ ठेवलेलं नाव. तिथे घुमटावरच्या ‘स्वातंत्र्यदेवते’चा मूळ प्लास्टरचा साचा उभा आहे, जवळजवळ दोन मजली उंच. तिच्या डोक्याकडे नीट बघा. गरुडाचं डोकं आणि पिसं असलेलं शिरस्त्राण आहे. आधीच्या एका आराखड्यात तिथे रोमन टोपी होती, मुक्त झालेल्या गुलामाला घालत असत ती. तेव्हाचे युद्धमंत्री जेफरसन डेव्हिस यांच्याकडे इमारतीच्या वाढीव बांधकामाची देखरेख होती. टोपीला त्यांनी हरकत घेतली, आणि टोपीचं शिरस्त्राण झालं. पुढे हेच डेव्हिस फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचे अध्यक्ष झाले. आणि या साच्याचे भाग सुटे करायची युक्ती ज्याला सुचली तो फिलिप रीड स्वतः गुलाम होता. २ डिसेंबर १८६३ला पुतळ्याचा शेवटचा भाग घुमटावर चढला, तोवर तो मुक्त झालेला होता. माझे पाय तिथेच रोवले गेले, गट पुढे गेला. हेडफोनमध्ये बाईंचा आवाज बारीक होत गेला तेव्हा धावले.

क्रिप्ट म्हणजे खांबांचं तळघर. मधोमध जमिनीवर एक चांदणी आहे, शहराचे चारही भाग तिथून मोजतात. फोटो काढा आणि वर चला.

रोटुंडात मात्र वेळ द्या. घुमटाखालचं गोल दालन, उंची १८० फूट. सगळे मान वर करून छतावरचा देवांच्या मांडीला मांडी लावून बसलेला जॉर्ज वॉशिंग्टन बघतात. मी म्हणेन, खाली बघा. भिंतीवर जॉन ट्रंबुलची चार मोठी तैलचित्रं आहेत. त्यातल्या एकात तोच वॉशिंग्टन उभा आहे, सरसेनापतीपदाचा राजीनामा देताना. २३ डिसेंबर १७८३, स्थळ अॅनापोलिस. युद्ध जिंकलेलं, फौज शब्दाबाहेर नाही, आणि हा माणूस हातातला कागद काँग्रेसपुढे धरतो आहे. त्याच्या मागे एक खुर्ची आहे, बाकीच्यांच्या खुर्च्यांपेक्षा मोठी, तिच्यावर झगा टाकलेला. खुर्ची रिकामी. चित्रकाराने ती सिंहासनासारखी काढली आहे, म्हणजे बघणाऱ्याला कळावं, की याला काय मिळू शकलं असतं.

याच दालनात ६ जानेवारी २०२१ला, अध्यक्षीय निवडणुकीतल्या मतांची काँग्रेसमध्ये मोजणी चालू असताना, ट्रम्प समर्थकांचा जमाव घुसला होता. आमच्यातल्या एका दहा-बारा वर्षांच्या मुलाने मोठ्यानेच विचारलं, ‘ते लोक इथे आले होते का?’ बाई म्हणाल्या, ‘हो, इथेही आले होते.’ एवढंच, आणि पुढच्या चित्राकडे वळल्या. त्यांना दोष नाही. सरकारी नोकरीतल्या माणसाने दुसऱ्या कुणाच्या तरी आईवडिलांसमोर याहून जास्त काय बोलावं? पण माझं मन तिथेच राहिलं. त्या दिवशी मतांच्या लाकडी पेट्या कर्मचाऱ्यांनी सभागृहातून सोबत नेल्या म्हणून वाचल्या आणि मोजणी त्याच रात्री पुरी झाली. चार वर्षांनी, ६ जानेवारी २०२५ला, कमला हॅरिस यांनी उपाध्यक्ष म्हणून त्याच मोजणीचं अध्यक्षस्थान घेतलं आणि स्वतःचा ३१२ विरुद्ध २२६ असा पराभव स्वतःच्या तोंडाने जाहीर केला. दोन आठवड्यांनी थंडीमुळे ट्रम्प यांचा शपथविधी आत घ्यावा लागला, तो याच घुमटाखाली. आणि त्याच संध्याकाळी २०२१च्या त्या दिवसाबद्दल खटले चाललेल्या सुमारे १५०० जणांना त्यांनी माफी दिली. राजीनाम्याचं चित्र तेव्हाही तिथेच भिंतीवर होतं.

पुढचं दालन पुतळ्यांचं. १८५७पर्यंत प्रतिनिधिगृह इथेच भरायचं. एका ठरावीक जागी उभं राहून कुजबुजलं तर दालनाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येतं, हा खेळ पोरांना फार आवडतो. मलाही आवडला, लपवत नाही. इमारतीत प्रत्येक राज्याचे दोन पुतळे, लहान राज्य असो की मोठं. कॅलिफोर्नियात ३ कोटी ९५ लाख माणसं, वायोमिंगच्या अडुसष्ट पट. पुतळे दोन आणि दोन. पुतळ्यांच्या बाबतीत कुणाचं काही बिघडत नाही. पण सिनेटमध्येही हेच गणित आहे, आणि मंत्री, न्यायाधीश, राजदूत तिथेच मंजूर होतात. याच दालनात, बसमधली जागा गोऱ्या माणसाला द्यायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स बसलेल्या आहेत, आणि मिसिसिपी राज्याने पाठवलेले जेफरसन डेव्हिसही उभे आहेत. हो, तेच, टोपीवाले. माझ्या मते त्या फिल्मपेक्षा हे एकच दालन या देशाबद्दल खरं बोलतं, आणि तेही मुद्दाम नाही.

सफर इथे संपते आणि बहुतेक लोक दुकानात शिरतात. तुम्ही शिरू नका. किंवा शिरा, पण आधी गॅलरीचा पास घ्या. सफरीत सभागृहं दाखवत नाहीत, त्याला वेगळा पास लागतो. अमेरिकी नागरिकांनी तो आपल्या प्रतिनिधीच्या किंवा सिनेटरच्या कार्यालयातून घ्यायचा. मुलीच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने तसं पत्र टाकलं होतं, महिना झाला तरी उत्तर आलं नव्हतं. कोण ते प्रतिनिधी, ते सोडा. परदेशी पाहुण्यांचं सोपं: वरच्या मजल्यावर टेबल आहे, पासपोर्ट दाखवा, पास घ्या. लोकशाहीच्या दारात नागरिकापेक्षा पाहुण्याची सोय बरी, हे बघून माझ्या मुलीला हसावं की रडावं कळेना.

भूक लागली असेल तर एक सूचना. सिनेटच्या उपाहारगृहांत घेवड्याच्या बियांचं सूप रोज मिळतं, ती जुनी परंपरा आहे. त्यात डुकराचं मांस असतं. शाकाहारी लोकांनी परंपरेचं दुरून कौतुक करावं. मी कॉफीवर भागवलं.

आता गॅलरी. फोन, कॅमेरा, सगळं बाहेर ठेवावं लागतं. आत गेल्यावर बोलायचं नाही, कठड्यावर वाकायचं नाही. खाली सिनेट: शंभर लाकडी मेजं अर्धवर्तुळात, गालिचा निळा. वर्गात मी फळ्यावर हे अर्धवर्तुळ खडूने किती वेळा काढलं असेल! मी बसले तेव्हा एक सिनेटर बोलत होते. शेजारी तिपाईवर मोठा फलक, त्यावर आलेख. हातवारे जोरदार, आवाज चढलेला. समोर ऐकायला कोण? पीठासीन अधिकारी, दोन-तीन कारकून, पायरीवर बसलेली गणवेशातली शाळकरी सेवक मुलं. बाकी मेजं रिकामी. ते बोलत होते कॅमेऱ्याशी. सिनेटचं कामकाज १९८६पासून दूरचित्रवाणीवर दिसतं, आणि बहुतेक भाषणं तेव्हापासून तिकडेच तोंड करून होत असावीत.

त्यांचं संपलं. फलक मिटला, ते निघून गेले. मग पीठासीन अधिकारी काहीतरी पुटपुटले आणि कारकुनाने एक नाव पुकारलं. शांतता. बराच वेळ. दुसरं नाव. पुन्हा शांतता. मला वाटलं, काही बिनसलं. मग लख्ख आठवलं: ही गणपूर्ती! मीच शिकवायचे की, निम्म्याहून जास्त, म्हणजे ५१ सदस्य हजर आहेत का हे तपासण्यासाठी नावं पुकारतात. प्रत्यक्षात ती पुकारतात वेळ काढण्यासाठी. पुढे बोलायला कुणी नाही, पडद्यामागे वाटाघाटी चालू आहेत, तोवर नावं हळूहळू वाचत राहायची. कुणी आत आलं, की गणपूर्ती रद्द करा म्हणायचं आणि पुढे सुरू. कुणी येईना. मी अर्धा तास बसले. शेजारचे एक आजोबा झोपले. वीस वर्षांची असताना या सभागृहाच्या नियमांवर मी निबंध लिहिला होता, त्याला बक्षीसही मिळालं होतं.

इथे मला माझी पाच गुणांची टीप आठवली. अमेरिकी राज्यघटनेच्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या जेम्स मॅडिसनने १७८८ साली मांडलेला युक्तिवाद असा: माणसं देवदूत नसतात, म्हणून एकाच्या महत्त्वाकांक्षेला दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेची वेसण घाला. काँग्रेसमधला माणूस काँग्रेसची सत्ता जपेल, अध्यक्ष आपली जपेल, आणि या ओढाताणीत नागरिक सुरक्षित राहील. विद्यार्थी हे छान लिहायचे, मी पाचपैकी चार द्यायचे. यात गृहीत धरलेली एक गोष्ट मी कधी लाल शाईने अधोरेखित केली नाही: काँग्रेसमधल्या माणसाला आपली खुर्ची हवी असली पाहिजे. नुसती बसायला नव्हे, वापरायला. आज त्याला पक्षाचं तिकीट हवं आहे. बहुतेक मतदारसंघ आधीच एका पक्षाकडे झुकलेले, त्यामुळे खरी लढत पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत, जिथे मोजके आणि कडवे लोक मत देतात. अध्यक्ष आपल्या पक्षाचा असेल तर त्याला अडवणं म्हणजे तिकीट गमावणं. विरोधी पक्षाचा असेल तर त्याच्याशी जमवून घेणं म्हणजेही तेच. मग सुरक्षित काय? फलक लावून भाषण करणं आणि निघून जाणं.

हे ट्रम्पपासून सुरू झालं असं मानणाऱ्यांशी मी वाद घालते. युद्ध जाहीर करण्याचा अधिकार घटनेने काँग्रेसला दिला. तिने तो शेवटचा वापरला १९४२ साली. कोरिया, व्हिएतनाम, इराक, सगळं त्यानंतरचं. आयातशुल्क लावण्याचा अधिकारही काँग्रेसचाच. एप्रिल २०२५मध्ये जवळजवळ सगळ्या जगावर शुल्क लागलं ते १९७७च्या एका आणीबाणीच्या कायद्याचा आधार घेऊन, या सभागृहात मतदान न होता. बायडेन यांनीही शैक्षणिक कर्जमाफी आधी आदेशाने करायचा प्रयत्न केला आणि २०२३मध्ये न्यायालयाने ती अडवली. फरक वेगाचा आणि निलाजरेपणाचा आहे: २० जानेवारी २०२५ला, पहिल्याच दिवशी २६ अध्यक्षीय आदेश. कॅपिटॉलच्या पूर्वेच्या दारातून बाहेर पडलं की रस्त्यापलीकडे सर्वोच्च न्यायालय दिसतं. तिथे १ जुलै २०२४ला ठरलं, की अध्यक्षाला अधिकृत कृत्यांसाठी फौजदारी खटल्यापासून मोठं संरक्षण आहे. म्हणजे एक खांब वाकलाय, दुसरा त्याला टेकू देतोय, आणि तिसऱ्याच्या दालनात नावं पुकारली जाताहेत.

मॅडिसनला खुर्ची हिसकावणाऱ्याची भीती होती. बसलेलाच उठून जाईल, हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

सफरीनंतर दोन आठवड्यांनी, १ ऑक्टोबरला, सरकार बंद पडलं. पैशाचा कायदा मंजूर झाला नाही. सिनेटमध्ये चर्चा थांबवून मतदानाला जायला ६० मतं लागतात, सत्ताधाऱ्यांकडे ५३. तोच ठराव पुन्हा पुन्हा मांडला जात होता आणि पडत होता. मुलीच्या शेजारी एक गृहस्थ राहतात, केंद्र सरकारच्या नोकरीतले. एरवी सकाळी सहाला त्यांची गाडी निघायची. आता मंगळवारी, बुधवारी, भर दुपारी ते हिरवळ कापत असायचे. पानगळ सुरू झाल्यावर पानं गोळा करू लागले. दारासमोर एक पान दिसू देत नव्हते. मी एकदा विचारलं, काय म्हणतंय सरकार? म्हणाले, ‘इतकं लांबणार हे आधी सांगितलं असतं तर मी गवत इतकं बारीक कापलं नसतं, थोडं उरवलं असतं.’ एकूण ४३ दिवस चाललं ते, तोवरचं सगळ्यात लांब. आणि या काळात प्रतिनिधिगृह काय करत होतं? १९ सप्टेंबरला मतदान करून घरी गेलं होतं, ते १२ नोव्हेंबरला पुन्हा मतदानाला आलं. अॅरिझोनातून २३ सप्टेंबरला निवडून आलेल्या अॅडेलिटा ग्रिजाल्व्हा यांचा शपथविधीही १२ नोव्हेंबरलाच झाला. सात आठवडे लाखो मतदारांची खुर्ची रिकामी, का तर शपथ द्यायला सभागृह भरेना.

आता गुण. अभिप्राय लिहायचा म्हणजे तारे द्यावे लागतात. इथले राज्यशास्त्राचे प्राध्यापकही हाच उद्योग करतात, हे मला इथे आल्यावर कळलं: ब्राइट लाइन वॉच नावाचा उपक्रम शेकडो अभ्यासकांना विचारून अमेरिकी लोकशाहीला शंभरपैकी गुण देतो. नोव्हेंबर २०२४मध्ये ६७ होते, फेब्रुवारी २०२५मध्ये ५५. परीक्षक म्हणून आयुष्य गेलं, त्यामुळे अशा गुणांवर माझा फारसा विश्वास नाही. ५५वाला आणि ६७वाला यांत खरा फरक काय, हे मला कुठल्याच पेपरात कळलं नाही. पण एकाच विद्यार्थ्याचे तीन महिन्यांत बारा गुण उतरले, तर मी पालकांना बोलावलं असतं.

सफरीला पाचपैकी पाच. गाइड उत्तम, व्यवस्था चोख, स्वच्छतागृहं निर्मळ. गॅलरीलाही पाच देते, कारण जे आहे ते ती झाकत नाही. फिल्मला दोन.

जाण्याआधी एक करा. दोन्ही सभागृहांच्या छतांवर झेंड्याचे खांब आहेत. ज्या सभागृहाचं काम चालू असेल त्याच्यावर झेंडा चढतो, उठलं की उतरतो. घुमटाच्या पायथ्याचे झेंडे कायम असतात, ते बघून फसू नका. पूर्वेच्या चौकात उभं राहिलं की उजव्या हाताला सिनेट, डाव्या हाताला प्रतिनिधिगृह. ऑक्टोबरात एका दुपारी मी पुन्हा तिथे गेले होते, काही काम नसताना. उजवीकडे झेंडा होता. डावीकडे नुसता खांब, आणि त्याच्या टोकावर एक पक्षी बसलेला. कावळाच असावा, चष्मा आणला नव्हता.